वाड्यातील मुक्काम

दक्षिण कोरियातील जोन्जू शहराच्या जुन्या भागात ‘हानोक’ म्हणविली जाणारी सुमारे ७०० पारंपरिक घरे आहेत. त्यांतील अनेक घरांत आता प्रवाशांची सोय होते. खालून ऊब दिलेल्या जमिनीवर गादी घालून पाहुणा निजतो आणि भातावर नाना भाज्या मांडलेले ‘बिबिंबाप’ जेवतो. घर टिकते, उत्पन्नही मिळते.

आपले नगर १४९० साली वसले. आनंदधाम येथे आचार्य आनंदऋषीजींच्या समाधीचे दर्शन घेऊन भाविक भुईकोट किल्ला पाहतात. तेथेच १९४४ मध्ये बंदिवासात पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. सायंकाळी मात्र अनेकजण पुढच्या गावी निघतात.

बँकेत असताना जुन्या वाड्यांचे मूल्यांकन अहवाल माझ्यासमोर येत. घसारा वजा जाता सागवानी खांबांची किंमत शून्य; उरे तो केवळ जागेचा भाव. त्या हिशेबावर मीही सही केली, याची आज खंत वाटते.

चौक, ओसरी, सूर्यास्तापूर्वीचे कंदमूळविरहित भोजन आणि अतिथीचा आदर, हे आपल्या घरांना नव्याने शिकावे लागणार नाही. वाडा विकासकाच्या हाती सोपविण्यापूर्वी भावंडांनी एकत्र बसून हाही हिशेब एकदा मांडावा.