हौदातलं शेवाळ कोणाच्या घरचं?

मागच्या उन्हाळ्यात गुरांच्या हौदावर हिरवट साय धरली, तेव्हा बैठकीत आम्ही बेधडक सांगून टाकलं, "शेवाळच ते. पाण्यातली वनस्पती, गवतासारखी." ते सगळंच खरं नव्हतं. आज ती चूक दुरुस्त करतोय.

'भाजी' म्हटलं की मेथीही आली, भेंडीही आली न् बटाटाही आला. म्हणून काही ती एका कुळातली होत नाहीत. 'शेवाळ' हा शब्दही तसाच. ओल्यात वाढणारं, बुळबुळीत, उन्हावर अन्न करणारं जे दिसलं, ते शेवाळ!

लिनियस या शास्त्रज्ञानं १७५३ साली शेवाळं वनस्पतींतच घातली होती. तेव्हा सजीवांचे वाटे दोनच, वनस्पती आणि प्राणी. १९६९ मध्ये व्हिटाकर यांनी पाच सृष्टी मांडल्या. मुलांच्या पुस्तकात असतात त्याच. त्यांनी रंगावर न जाता पेशी पाहिली. पेशीत केंद्रक, म्हणजे पडद्यानं वेगळा केलेला गाभा, आहे का? जीव एका पेशीचा की अनेक पेशींचा? अन्न कसं मिळवतो?

मग शेवाळाची घरं फुटली. निळ्या-हिरव्या शेवाळाला केंद्रकच नाही, ते मोनेरा सृष्टीत, जिवाणूंच्या पंगतीत बसलं. एकपेशी युग्लीना आणि डायटम प्रोटिस्टात गेले. रेशमी धाग्यांचं स्पायरोगायरा वनस्पतींत राहिलं. समुद्रातली तपकिरी शेवाळंही त्यांनी वनस्पतींतच ठेवली, पण पुढच्या शास्त्रज्ञांनी तीही बाहेर काढली. वाटण्या अजून चालूच आहेत, आपल्या सातबाऱ्यासारख्या.

आपल्याला याचं काय? निळं-हिरवं शेवाळ तसं गुणाचंही आहे. भाताच्या खाचरात त्याच्या काही जाती हवेतला नत्र पिकाला देतात. स्पिरुलिना त्यातलंच. पण काही जाती विष तयार करतात. १८७८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर अशी साय आली आणि ते पाणी पिऊन गुरं-मेंढरं मेली, याची नोंद आहे. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. असं पाणी उकळलं तरी विष जात नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण पेशी फुटून विष उलट पाण्यात उतरू शकतं.

साध्या काठीनं अंदाज घेता येतो. हात घालू नका. काठीला केसांसारखे लांब धागे आले, तर बहुधा हिरवं शेवाळ. रंग कालवल्यासारखं काठीला माखलं, तर संशय धरायचा. ही पक्की परीक्षा नव्हे. संशय आला की ते पाणी माणसांनी प्यायचं नाही, गुरांनाही पाजायचं नाही. प्रयोगशाळेतून तपासणी होईपर्यंत दुसरं पाणी वापरायचं.

आमचा हौद आम्ही रिकामा केला, हातमोजे घालून घासला आणि उन्हात दोन दिवस कोरडा ठेवला. तोवर गुरांचं पाणी घागरींनी आणलं. कंबर मोडली, पण आणलं.