आंब्याच्या पानावरून जातीची परीक्षा

कट्टा-मालवण भागांतील बागाईतदार बंधूंस हें सांगावयास नकोच कीं, हापूस म्हणून लाविलेलें कलम खरें कीं खोटें, हें फळ धरेपर्यंत कळत नाहीं. आणि तोंवर कित्येक वर्षांची मेहनत व पैसा खर्चीं पडतो. ही परीक्षा आतां पानाच्या लहानशा तुकड्यावरून करितां येते.

झाडाच्या पेशींत 'डीएनए' नांवाच्या द्रव्याचे सूक्ष्म धागे असून जातीचा दाखला त्यांतच असतो. सुमारें १०० मिलिग्रॅम कोंवळें पान अतिशीत द्रवरूप नायट्रोजनांत घोटून त्याची पूड करितात. ती 'सीटॅब' या साबणासारख्या द्रव्याच्या द्रावणांत ६५ अंश सेल्सिअसवर ठेविली म्हणजे पेशी फुटून धागे मोकळे होतात. नंतर क्लोरोफॉर्मनें मळ काढून थंड अल्कोहोलनें धागे तळीं बसवितात. आंब्याच्या पानांत चिकट व तुरट द्रव्यें फार; तीं निघालीं नाहींत तर पुढील काम अडतें.

मिळालेलें डीएनए अत्यल्प असलें तरी चालतें. कॅरी म्युलिस यांनीं १९८३ सालीं शोधिलेल्या 'पीसीआर' युक्तीनें त्यांतील हव्या त्या भागाच्या नकला दर फेरीस दुप्पट होतात. हिशेबानें ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर. याच कारणास्तव दुसऱ्या झाडाचा कणही नमुन्यांत जातां कामा नये.

पान कलमाच्या सांध्यावरचेंच घ्यावें. खालची फूट रायवळाची असते. तुलनेसाठीं खात्रीच्या हापूसचेंही पान द्यावें. मात्र आंबा कोणत्या गांवचा, हें या परीक्षेनें ठरत नाहीं. कारण कलमांत मूळ झाडाचाच वंश उतरतो, मग तें कोठेंही लावा.