काचेच्या पेटींतील समुद्र

सोनेरी मासे पाळून हात बसलेल्या हौशी गृहस्थास एके दिवशीं वाटूं लागतें कीं, आपल्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची पेटी असावी व तींत पोवळ्यांचा संसार फुलावा. तो पुस्तकें चाळतो, दुकानें हिंडतो, जाणत्यांना विचारतो. आणि आठवडाभरांत त्याची छाती दडपून जाते. खारेपणा, उष्णमान, अमोनिया, कॅल्शियम, प्रकाश, प्रवाह, फेस काढणारें यंत्र अशा वीस गोष्टी एकदम सांभाळावयाच्या आणि एक चुकली तर जीव जावयाचे, असें त्याच्या मनानें घेतलेलें असतें. कांहीं जण येथेंच बेत सोडतात. कांहीं जण उसनें धैर्य आणून पहिल्याच रविवारीं मासे सोडतात आणि पुढच्या रविवारीं ते मेलेले पाहतात. दोघांचीही चूक एकच. या वीस गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या एकाच वेळीं करावयाच्या नसतात. त्यांना क्रम आहे.

हा क्रम उमगण्यास शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १८५० सालीं लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं मासे, गोगलगाई व पाणवनस्पति एकत्र ठेवून, पाणी न बदलतांही मासे जगवितां येतात असें दाखविलें. वनस्पति व प्राणी यांचा तोल साधला कीं झालें, असें तेव्हां वाटे. या तोलांतला अदृश्य भागीदार पुढें त्यांच्याच मुलाच्या अभ्यासांतून उघड झाला. मुलाचें नांवही रॉबर्टच. रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रांत मातीचा अभ्यास करतांना त्यानें दाखविलें कीं, अमोनियाचें नायट्राइट आणि नायट्राइटचें नायट्रेट होतें, व हीं दोन कामें निरनिराळे सूक्ष्म जंतु करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनीं असे जंतु वेगळे काढले.

पेटींतही हेंच घडतें. माशांच्या विसर्गांतून निघणारा अमोनिया त्यांना विषारी असतो, नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य. नव्या पेटींत हे जंतु पुरेसे नसतात. म्हणून प्रथम समुद्राचें पाणी सिद्ध करावें. एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार आणि २५ ते २६ अंश सेल्सिअस उष्णमान, एवढें पहिल्या दिवसाला पुरे. मग सच्छिद्र खडक रचावा, आणि एखाद्या जुन्या पेटींतील खडकाचा तुकडा विरजण म्हणून घालावा. जंतूंना खाद्य हवें म्हणून माशांचा चिमूटभर आहार टाकावा. विरजण लावलेलें दूध घटकेघटकेला ढवळणाऱ्याला दही मिळत नाहीं. येथेंही बहुधा चार ते सहा आठवडे थांबावें लागतें. या काळांत पाणी उडतें पण क्षार मागें राहतात, म्हणून तूट शुद्ध गोड्या पाण्यानें भरावी. काचेवर तपकिरी थर चढला तर घाबरूं नये; नव्या पेटींत तो बहुधा येतोच.

अमोनिया व नायट्राइट शून्यावर आले, कीं एखादा काटक मासा सोडावा. पोवळीं त्यानंतर कांहीं महिन्यांनीं, आणि त्यांतही मऊ जातीचीं आधीं. कॅल्शियमची खरी काळजी सांगाडा बांधणारीं कठीण पोवळीं आल्यावरच करावयाची. पेटी मात्र फार लहान घेऊं नये. ४० लिटरांत जी चूक अंगावर येते ती २०० लिटरांत पुष्कळदां पचून जाते.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, त्याचें लोक हंसूं करतात. येथल्या उतावळेपणाची किंमत मुके जीव देतात. शोभेचे कित्येक सागरी मासे अजूनही खऱ्या प्रवाळखडकांवरून धरून आणलेले असतात. भारतांत कठीण पोवळ्यांना २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. तेव्हां मालवणच्या समुद्रांतून पोवळें उचलून आणणें हा गुन्हाच होय.

ज्याला छाती दडपल्यासारखें वाटतें, त्यानें सारी यादी बाजूस ठेवून आजचें काम कोणतें एवढेंच पाहावें. बहुतेक दिवशीं उत्तर येईल तें असें: उडालेलें पाणी भरावें, उष्णमान पाहावें आणि बाकीचें जंतूंवर सोपवावें.