आभाळातल्या फुकट विजेवर पंप चालेल काय?



मागच्या उन्हाळ्यात दर्यापूर भागातल्या एका गावी शेतकरी मेळावा होता. मेळावा आटोपल्यावर एक तरुण शेतकरी जवळ आला. त्याच्या मोबाईलवर एक चित्रफीत होती. उंच खांब, त्याला बांधलेली तार आणि खाली प्लास्टिकच्या बाटलीची मोटर गरगर फिरते आहे. तो म्हणाला, "साहेब, हवेतली वीज फुकट हाये म्हंतात. मंग आपन बिल काहून भराव? म्या तीस फुटाचा लोखंडी पाइप आनून ठेवला हाये."

मी म्हटले, "भाऊ, पाइप उभा करू नको. आधी हिशेब ऐक." तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

मोटर खोटी नाही

हिवाळ्यात अंधारात घोंगडी झटकली की चटचट ठिणग्या उडतात. टेरिलिनचा सदरा काढताना अंगावरचे केस उभे राहतात. हीच स्थितिक वीज. घासल्याने ती वस्तूवर साचते. सारख्या जातीचे भार एकमेकांना ढकलतात, विरुद्ध जातीचे ओढतात.

घरी करून पाहा. बटाट्यात सुई उभी खोचा. कागदाची पट्टी मधोमध किंचित दुमडून सुईच्या टोकावर तोलून ठेवा. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासून पट्टीजवळ न्या. पट्टी कंगव्यामागे फिरू लागते. पावसाळ्यात मात्र हा खेळ नीट जमत नाही, कारण दमट हवेत भार टिकत नाही.

बाटलीची मोटर याच तत्त्वावर चालते. बाटलीवर वर्खाच्या उभ्या पट्ट्या असतात. बाजूची तार पट्टीला भार देते आणि लगेच दूर ढकलते, समोरची तार तिला ओढून भार काढून घेते. ना चुंबक, ना तांब्याचे वेटोळे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने 1748 साली असे चाक फिरवून दाखवले होते. 1970 च्या दशकात तिथल्याच ओलेग जेफिमेंको या प्राध्यापकांनी उंच तारेने हवेतला भार उतरवून लहान मोटर फिरवली. म्हणजे चित्रफीत खरी असू शकते. पण मोटर फिरणे वेगळे आणि विहिरीचे पाणी उपसणे वेगळे.

आभाळात वीज आहे, पण किती?

निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीलगत दर मीटर उंचीला सुमारे 100 व्होल्टचा फरक असतो. घरात 230 व्होल्ट येतात, तेव्हा तीन मीटर खांबावर काम झाले, असे वाटेल. इथेच फसगत होते.

उंच टाकीला सुईएवढे भोक पाडले तर धारेला जोर असतो, पण पाणी किती? तेवढ्या पाण्याने वाफा भिजत नाही. व्होल्ट म्हणजे जोर, अँपिअर म्हणजे पाणी. निरभ्र आभाळातून एका चौरस मीटरवर उतरणारा प्रवाह एका अँपिअरच्या एक लाख कोटी भागांपैकी फक्त दोन भाग असतो.

आता अकोला जिल्हा घ्या. क्षेत्रफळ सुमारे 5400 चौरस किलोमीटर. साऱ्या जिल्ह्यावर उतरणारा प्रवाह एकत्र केला तरी एका अँपिअरचा शंभरावा भाग होतो. वरच्या विद्युतभारित थरापासून जमिनीपर्यंत अडीच-तीन लाख व्होल्टचा फरक असतो. तो सगळा हाती आला असे धरले, तरी शक्ती होते तीन किलोवॅटच्या आसपास. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला पावणेचार किलोवॅट लागतात. म्हणजे अख्ख्या अकोला जिल्ह्याच्या आभाळावर पाच हॉर्सपॉवरचा एक पंपही धड चालत नाही. मग तुमच्या एका खांबावर काय चालणार?

उलट उन्हाचे पाहा. पाच हॉर्सपॉवरच्या सौर पंपाच्या पाट्या पाव गुंठ्याच्या आसपास जागेत मावतात. आपल्या वऱ्हाडातले ऊन हीच खरी आभाळातली वीज.

खरा धोका खांबाचा

कोणी म्हणेल, पडणारी वीजच धरून ठेवू. ती क्षणार्धात हजारो अँपिअर घेऊन येते, कुठे आणि केव्हा पडेल याचा नेम नाही. 1753 साली रशियात रिखमन नावाचे शास्त्रज्ञ घरात आणलेल्या सळईवर आभाळातली वीज मोजत होते. त्याच विजेने त्यांचा बळी घेतला. मोकळ्या शिवारात उंच पाइप आणि त्याची तार झोपडीत आणणे म्हणजे मृत्यूला आवतण देणे होय. शिवाय पाइप उभा करताना वरच्या वीजवाहिनीला लागला, तर आभाळ निरभ्र असतानाही जीव जातो.

ध्यानात ठेवा

1. हवेवर चालणारे यंत्र विकायला कोणी आला, तर एकच म्हणा : "माझ्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचा पंप दिवसभर चालवून दाखव, मग पैसे." आगाऊ रक्कम देऊ नका.

2. पंपासाठी वीज हवी असल्यास 2024 साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेची महावितरणकडे चौकशी करा. त्यात सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा 5 टक्के ठेवला होता.

3. वीज चमकल्यावर आकडे मोजा. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर काम टाकून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

4. झाडाखाली, मचाणावर, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. आसरा नसेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका.

5. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलवर घ्या. विजेची सूचना आधी मिळते.

6. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. बेधडक हात लावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि 108 ला फोन लावा.

त्या तरुणाने बाटलीची मोटर शाळेतल्या पोरांना करून दाखवली. पाइप मात्र त्याने विहिरीच्या जोडणीला वापरला. शहाणपण ते हेच.