‘हाड शाबूत आहे’ : महाविद्यालयीन खेळाडूचा गुडघा आणि आपली व्यवस्था

१९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या आनंदाच्या भरात आम्ही कॉलेजची पोरे दिवस मावळेपर्यंत मैदानात असायचो. त्याच हिवाळ्यात एका चढाईत निदान रेषेजवळ वळताना माझ्या डाव्या गुडघ्यात ‘कट’ असा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. मालिश झाली, लेप झाला, आठवड्याने एक्स-रे निघाला. ‘हाड शाबूत आहे, काळजी नको,’ असे सांगण्यात आले. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा खेळलो आणि वर्षभरात माझी कबड्डी संपली. आज पंचावन्नाव्या वर्षी पनवेल स्थानकाचा पूल मी कठडा धरून चढतो.

ही जुनी गोष्ट म्हणून मी सोडून दिली असती. पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा गुडघा मॅटवर तसाच मुरगळला. तिच्या आईचे पहिले वाक्य होते, ‘एक्स-रे काढला, भाऊ. हाड शाबूत आहे.’ मी डॉक्टर नाही. पण तीस वर्षांत हे वाक्य का बदलले नाही, या प्रश्नापायी जे वाचले, जे पाहिले, ते इथे मांडतो आहे.

एक्स-रेत न दिसणारी दुखापत

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारे एक मजबूत लिगामेंट असते. डॉक्टर त्याला ‘एसीएल’ म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि पाय वळताना गुडघा निसटू नये, हे त्याचे काम. पाऊल जमिनीत रोवलेले असताना अंग वळले, की सारा पीळ या लिगामेंटवर येतो. कबड्डीत हे क्षणोक्षणी घडते. चढाईपटू मागे फिरतो तेव्हा आणि घोट्याची पकड बसते तेव्हाही. मातीवर अनवाणी पाऊल थोडे घसरते. मॅटवर बुटाची पकड घट्ट असते, पाऊल जागीच राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावोगावची मुले मॅटकडे वळली. मातीवर तयार झालेल्या पायांना या बदलासाठी कोणी तयार केले का, हा प्रश्न आहे.

एसीएल फाटले की आतमध्ये रक्तस्राव होतो, म्हणून काही तासांतच गुडघा फुगतो. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे ‘हाड शाबूत आहे’ हे वाक्य खरे असूनही अपुरे ठरते. जाणकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहतो. या ‘लॅकमन’ चाचणीला कोणतेही यंत्र लागत नाही. खात्रीसाठी पुढे एमआरआय.

खरा धोका त्यानंतर असतो. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते आणि खेळाडू सरळ चालू लागतो. त्याला वाटते, बरे झाले. तो खेळायला उतरतो आणि सैल गुडघा पुन्हा निसटतो. या वेळी दोन हाडांमधली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडली जाते. ती गेली की तरुणपणीच सांध्याची झीज सुरू होते. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत एसीएलचा धोका मुलींना मुलांपेक्षा साधारण दुप्पट ते तिप्पट आढळला आहे. मुलींचे संघ वाढत असताना हे विसरून चालणार नाही.

शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर

आपल्याकडे गुडघा म्हटले की चर्चा थेट ऑपरेशनच्या खर्चावर जाते. स्वीडनमध्ये १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटाला आधी शिस्तबद्ध व्यायाम दिले आणि गरज वाटली तरच शस्त्रक्रिया केली. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील जवळपास निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. सतत वळणे-फिरणे असलेल्या खेळात परतायचे तर अनेकांना ती लागते, हेही खरे. पण व्यायामाला पर्याय दोन्ही वाटांवर नाही.

दुसरा अभ्यास २०१६ चा, नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांचा. शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतणे नऊ महिन्यांपर्यंत लांबवले, तर प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेले. दुखऱ्या मांडीची ताकद चांगल्या मांडीच्या ९० टक्क्यांपर्यंत आली आहे का, हेही तपासायचे असते. ‘आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डिसेंबरमध्ये आहे’ हा निकष त्यात बसत नाही.

कुस्तीपटू विनेश फोगाटचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा गेला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा एसीएलची शस्त्रक्रिया झाली, तीही मुंबईत, आणि पुढच्या वर्षी ती पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. ती मुंबई पनवेलहून लोकलने जेमतेम दीड तासावर आहे. शस्त्रक्रियेनंतर रोज कोणीतरी व्यायाम करून घेणारे असणे, हा फरक मात्र दीड तासात मिटत नाही.

पनवेलमध्ये काय आहे?

२०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी रुग्णालये आहेत, एमआरआय केंद्रे आहेत. कामोठ्याला एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि फिजिओथेरपीचे शिक्षणही तिथेच मिळते. म्हणजे इमारती आणि यंत्रे यांची वाण नाही. वाण आहे ती मैदान आणि दवाखाना यांना जोडणाऱ्या माणसाची.

अमेरिकेत १९०५ च्या हंगामात महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अनेक खेळाडू दगावले. त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी जी संघटना उभी राहिली, तीच आजची एनसीएए. तिथे महाविद्यालयीन मैदानावर प्रशिक्षित ‘ॲथलेटिक ट्रेनर’ हजर असतो. ऑगस्ट २०२४ पासून तर वरच्या श्रेणीतील महाविद्यालयांना पदवीनंतरही किमान दोन वर्षे खेळाच्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च उचलावा लागतो. आपल्याकडे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून आहे, दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाचे क्रीडा दुखापत केंद्र आहे. पण या सोयी राष्ट्रीय खेळाडूसाठी किंवा दूरच्या शहरात. मधला कॉलेजचा खेळाडू दोन्हीकडून सुटतो.

आणि त्याच्यासाठी खेळ नुसती हौस नसते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे यांचे संघ कबड्डीपटू घेतात. पनवेल-उरण परिसरातल्या कितीतरी घरांत पोराच्या गुडघ्यावर नोकरीची आशा उभी असते.

करण्याजोगे चार उपाय

पहिला, सरावाआधीची वीस मिनिटे. फुटबॉलसाठी तयार झालेला ‘इलेव्हन प्लस’ हा व्यायामक्रम नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या अठराशेहून अधिक मुलींवर तपासला गेला. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, असे साधे व्यायाम आहेत. खर्च शून्य.

दुसरा, जिमखान्यात दुखापतींची एक वही. कोण, कधी, कसा पडला, सूज किती तासांत आली, हे पाच ओळींत लिहायचे. ‘आवाज आला आणि लगेच सुजला’ अशी नोंद असेल, तर एक्स-रे काहीही सांगो, लिगामेंटची तपासणी व्हायलाच हवी.

तिसरा, फिजिओथेरपीच्या महाविद्यालयाशी करार. इंटर्न विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन दिवस मैदानावर आले, तर त्यांना अनुभव मिळेल, खेळाडूंना तपासणी. यासाठी नव्या इमारतीची गरज नाही, दोन प्राचार्यांच्या सह्या पुरेत.

चौथा, परतण्याचा निर्णय प्रशिक्षकाच्या किंवा खेळाडूच्या उत्साहावर सोडू नये. फिजिओथेरपिस्टच्या लेखी शेऱ्याशिवाय संघात नाव नको. एका पायावर उडी मारून दोन्ही पायांचे अंतर टेपने मोजणे ही त्यातली एक चाचणी तर शाळेच्या मैदानातही होते.

शेजारच्या त्या मुलीचा एमआरआय सातव्या आठवड्यात झाला. तोवर ती दोनदा खेळली होती आणि गादीही फाटली होती. शस्त्रक्रिया चांगली झाली. व्यायाम मात्र दुसऱ्या महिन्यानंतर थांबले. रिक्षाचे भाडे, प्रत्येक खेपेची फी आणि तोंडावर आलेली परीक्षा. आता ती पंच परीक्षेची तयारी करते आहे. पंच म्हणून ती उत्तमच होईल, नियम तिला तोंडपाठ आहेत. तिची चढाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मात्र हे पुरेसे वाटत नाही. पुढच्या पोरीला निदान एक्स-रेच्या दिवशीच कोणीतरी विचारावे, ‘हाड शाबूत आहे, ठीक. लिगामेंट कोणी पाहिले का?’