बॅटरींतील समतोल

बेरीज बरोबर आली म्हणजे हिशेबांतील प्रत्येक रक्कम बरोबर असलीच पाहिजे असें नाहीं. दोन चुका एकमेकींना झांकून टाकतात आणि ताळा बिनबोभाट जुळतो, हा अनुभव जमाखर्च ठेवणाऱ्या प्रत्येकाला असतो. विजेवर चालणाऱ्या सायकली व स्कूटरी ज्या लिथियम-आयन बॅटरीवर धांवतात, तिच्या बाबतींत हाच प्रकार घडतो. चार्जरवरचा दिवा बॅटरी पूर्ण भरल्याची ग्वाही देतो. परंतु ती ग्वाही बेरजेची असते. आंतल्या एकेका सेलाची स्थिति काय आहे, हें त्या दिव्याला कळत नाहीं.

हा सेल प्रथम विक्रीस आणला तो जपानांतील सोनी कंपनीनें, १९९१ सालीं. ज्यांच्या संशोधनामुळें तो शक्य झाला त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. सर्वसाधारण लिथियम-आयन सेलाचा दाब तो पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो व रिकामा होत आला म्हणजे सुमारें ३ व्होल्टपर्यंत उतरतो. एवढ्याशा दाबावर वाहन चालत नाहीं. म्हणून अनेक सेल जोडून संच करावा लागतो. विजेच्या सायकलीचा, ४८ व्होल्टचा म्हणून विकला जाणारा एक संच उदाहरणादाखल घेतां येईल. त्यांत चार चार सेल समांतर जोडून एकेक गट केलेला असतो आणि असे तेरा गट एकापुढें एक, एकसरींत जोडलेले असतात. समांतर जोडलेल्या चौघांचा दाब आपोआप एकच राहतो. जो मागें पडेल त्याला शेजारी भरून काढतात. एकसरींतील गटांना मात्र ही सोय नाहीं. तेथें सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. एकांत जेवढी वीज शिरते तेवढीच दुसऱ्यांत शिरते, आणि एकांतून जेवढी निघते तेवढीच दुसऱ्यांतूनही निघते.

तेरा हंडे ओळीनें मांडले आहेत आणि प्रत्येकांत एकाच वेळीं एकेक तांब्या पाणी ओतलें जात आहे, अशी कल्पना करावी. एकट्या हंड्यांत पाणी घालण्याची मुभा नाहीं. सर्व हंडे सारख्या मापाचे असून आरंभीं सारखेच रिकामे असतील, तर ते बरोबरच भरतील. परंतु एखाद्यांत आधींच चार तांबे पाणी असेल, तर तो सर्वांच्या आधीं कांठोकांठ भरेल. तेथेंच थांबावें तर बाकीचे बारा अपुरे राहतात; पुढें ओतावें तर भरलेला हंडा वाहूं लागतो. एकसरींतील गटांची अडचण तंतोतंत हीच आहे.

आतां चार्जरची फसगत पहावी. तेरा गट प्रत्येकीं ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ५४.६ व्होल्ट झाले कीं काम संपलें, एवढेंच चार्जर जाणतो. समजा, बारा गट ४.१८ व्होल्टवर आहेत. त्यांची बेरीज ५०.१६ होते, उरलेले ४.४४ व्होल्ट एकट्या तेराव्याच्या वांट्याला येतात. बेरीज बिनचूक, आणि एक गट धोक्याच्या मर्यादेपलीकडे! संचाबरोबर बसविलेली देखरेखीची पाटी, जिला बी. एम. एस. म्हणतात, ती प्रत्येक गटाचा दाब स्वतंत्रपणें मोजते व एकानेंही मर्यादा ओलांडली कीं भरती तोडते. त्यामुळें संकट टळतें, पण बाकीचे गट अर्धपोटीं राहतात. सायकल पूर्वीइतकें अंतर कापीत नाहीं, अशी तक्रार मग सुरू होते.

घरांतील इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला या गोष्टीचें फारसें भय नसतें. तिच्यांत भरलेला सेल वरची वीज पाण्याचें विघटन करण्यांत खर्चून टाकतो आणि तेवढ्या अवधींत मागें पडलेले सेल भरून येतात. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावें लागतें, ती या सोयीची किंमत होय. लिथियम-आयन सेलांत अशी निरुपद्रवी वाट नाहीं. अधिक भरती झाली कीं ऋण बाजूच्या ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर बसूं लागतो, धन बाजूचें द्रव्य अस्थिर होऊन प्राणवायु सोडूं लागतें, आणि सेलांतील द्रव तर ज्वालाग्राहीच असतो. म्हणूनच येथें समतोल कृत्रिम उपायानें राखावा लागतो.

तो उपाय साधा आहे. प्रत्येक हंड्याला कांठाजवळ एक बारीक तोटी ठेवावी, तसा प्रत्येक गटावर एक लहानसा रोध ठेवलेला असतो. जो गट आधीं भरतो त्याच्या रोधांतून थोडी वीज उष्णतेच्या रूपानें सोडून दिली जाते व मागच्यांना वेळ मिळतो. ही तोटी फार बारीक असते, हें मात्र ध्यानांत ठेवावें. दहा अँपिअर-तासांच्या गटांत पांच टक्क्यांचा फरक पडला आणि रोधांतून ५० मिलिअँपिअर प्रवाह जात असला, तर तो फरक पुसण्यास दहा तास लागतात. फरक वीस टक्क्यांचा असेल तर चाळीस. पुष्कळ संचांत हें काम भरती पूर्ण होत आली म्हणजेच सुरू होतें. बॅटरी नेहमींच ऐंशी टक्क्यांवर काढून घेणाऱ्यानें म्हणूनच मधून मधून ती पूर्ण भरून, उत्पादकाच्या सूचनेनुसार चार्जरवर अधिक वेळ राहूं द्यावी. मोठ्या संचांत वीज जाळून न टाकतां भरलेल्या गटांतून रिकाम्या गटांत पोंचविण्याचीही योजना करतात. ती अधिक कार्यक्षम, पण महाग असते.

तथापि समतोलाचा उपाय सर्व रोगांवर चालत नाहीं, आणि खरा विवेक येथेंच लागतो. विषमता तीन प्रकारची असते. एखादा गट भरतीच्या शेवटींही इतरांच्या खालीं व रिकामें होतांनाही खालींच राहत असेल, तर हंडा सारख्याच मापाचा असून केवळ कमी भरलेला आहे. तो समतोलानें सुधारतो. जो गट भरतांना सर्वांच्या आधीं वर चढतो आणि रिकामें होतांनाही सर्वांच्या आधीं खालीं कोसळतो, त्याचें मापच लहान झालेलें असतें. चौघांपैकीं एका सेलाची जोडणी तुटली किंवा मधल्या उष्ण जागेंतील सेल लवकर जीर्ण झाले म्हणजे असें होतें. तेथें कितीही समतोल साधला तरी हंडा मोठा होणार नाहीं. तिसरा प्रकार गळक्या हंड्याचा. बरोबरीस आणलेला गट नुसता ठेवला असतां कांहीं दिवसांत पुन्हां मागें पडला, तर आंत कोठें तरी वीज झिरपत आहे. असा गट पुन्हां पुन्हां भरून काढणें म्हणजे रोग झांकणें होय.

दुरुस्ती करणारे कारागीर मागें पडलेला गट वेगळा, मर्यादित प्रवाहानें व ४.२ व्होल्टच्या आंत भरून इतरांच्या बरोबरीस आणतात. ही रीत चुकीची नाहीं. पण तो कां मागें पडला, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. विशेषतः दोन व्होल्टच्या खालीं बराच काळ राहिलेला सेल पुन्हां जिवंत करण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. त्या अवस्थेंत आंतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो, आणि पुन्हां भरतांना तें तांबें भलत्याच जागीं साठून आंतल्या आंत जोड होण्याचा संभव असतो. घरीं संच उघडून पाहणें तर सर्वथा वर्ज्य समजावें. चार्जर काढला तरी त्यांतील वीज कोठेंही गेलेली नसते.

२०२२ सालीं भारतांत विजेच्या दुचाकींना आगी लागण्याचे अनेक प्रकार घडले. त्या वर्षीं मार्चमध्यें पुण्यांतही एक स्कूटर रस्त्यावर उभी असतांना पेटली. त्या सर्वांचें कारण एकच होतें असें नव्हे. पण त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक करण्यांत आले व १ डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्यानें अंमलांत आले. नियम कारखान्यांत पाळले जातात; घरांत मात्र ज्याची त्यानेंच दक्षता घ्यावयाची असते. बॅटरी एकाएकीं लवकर संपूं लागली, फुगली किंवा नेहमींपेक्षां अधिक तापूं लागली, तर दिवा हिरवा आहे या समाधानावर विसंबूं नये. प्रत्येक गटाचा दाब जाणत्याकडून मोजून घ्यावा, तोही दोनदां: भरतीच्या शेवटीं एकदां आणि रिकामी होत आल्यावर एकदां. त्या दोन मोजणींतच कोणता हंडा नुसता कमी भरलेला, कोणता लहान झालेला, हें उघड होतें. आणि कोणत्या बॅटरीला समतोल पुरेल व कोणती निरोप देण्यास योग्य झाली, याचाही निर्णय होतो.