काम सांभाळून पदवी: फॉर्म भरण्याआधी एवढं बघा



मासिक बैठकीत एका ताईने हळूच विचारलं, "बारावी झाली आणि लग्न झालं. आता गटाचे हिशेब लिहिते. या वयात बी.ए. होईल का?" होईल ना!

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून यासाठीच आहे. रोज कॉलेजला जायचं नाही. पुस्तकं मराठीतून मिळतात, अभ्यास घरी करायचा, अडलं तर अभ्यासकेंद्रात विचारायचं. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावीच लागते. "परीक्षा न देता पदवी" म्हणणाऱ्या एजंटला रुपयाही देऊ नका. फी भरली की पावती घ्या.

दहावी-बारावी राहिली असेल तर आधी १७ नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून करा. काही भरतींत पदवीसोबत तीही प्रमाणपत्रं मागतात.

कागद तपासा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा.

आणि घरात बोला. परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक, जनावरं, मुलं कोण बघणार? फीची सोय होते हो, पण माझ्या पाहण्यात बऱ्याच जणींचं अडतं ते इथेच. नवऱ्याशी, सासूबाईंशी आधीच ठरवा.

ती ताई पुढच्या बैठकीला दाखला घेऊन येतेय. तुम्हीही आणा, सगळ्या मिळून फॉर्म भरू.